दुसऱ्याच्या मूळपुरुषाची गोष्ट

माझ्या पासपोर्टात व्हिसाच्या पानावर स्वच्छ शिक्का होता: हाउसवाइफ, नॉट अलाउड टू वर्क. लग्न होऊन दुबईत करामाच्या फ्लॅटमध्ये आले त्या आठवड्यात तो मी नवऱ्याला दाखवला आणि म्हटलं, "हे बघ, लेखी मिळालंय. आता मला काम सांगायचं नाही." त्याला विनोद कळायला दोन दिवस लागले. सिव्हिल इंजिनिअर आहे.

सांगलीत मी एका वकिलांकडे टायपिस्ट होते. वकीलसाहेबांचं अक्षर असं होतं, की त्यांनी लिहिलेलं त्यांना स्वतःला दुसऱ्या दिवशी वाचता येत नसे, मग ते मलाच विचारत, "काय गं, मी काल काय म्हटलं होतं?" दुबईत या कौशल्याचा उपयोग फक्त भाजीवाल्याच्या पाट्या वाचण्यापुरता उरला होता. पहिली तीन-चार वर्षं अशीच गेली. मुलगी झाली, नर्सरीत जायला लागली, आणि एक दिवस मराठीत विचारलेल्या प्रश्नाला "नो, आय डोन्ट वॉन्ट इट" असं उत्तर देऊ लागली.

नवऱ्याच्या कंपनीत तेव्हा एक अमेरिकन म्हातारा सल्लागार होता. पाण्याच्या पाइपलाइनीतला मोठा माणूस. साठी उलटलेली, बायको वारलेली, मुलगा कुठेतरी लांब. ऑफिसात सगळे त्याला घाबरत, कारण तो ओरडत नसे. चुकलेल्या ड्रॉइंगवर पेन्सिलीने एक छोटंसं प्रश्नचिन्ह काढून परत पाठवत असे. माझा नवरा त्या प्रश्नचिन्हाला असा घाबरे, की किराण्याच्या यादीपुढे मी एकदा गंमत म्हणून ते काढलं तर त्याला घाम फुटला.

हा म्हातारा आपल्या घराण्याचा इतिहास लिहीत होता. त्याच्या खापरपणजोबांनी अमेरिकेच्या मधल्या भागात एका नदीकाठी गाव वसवलं होतं. गाव आजही आहे, नकाशात भिंगातून दिसेल एवढं. त्या गावाचा मोठा वर्धापनदिन वर्षभराने होता, सगळी भावकी जमणार होती, आणि तोवर याला पुस्तक छापून हवं होतं. ऑफिसच्या सेक्रेटरीने त्याची हस्तलिखित पानं एकदा पाहिली आणि सरळ सांगितलं, हे इंग्लिश असेल तर मला इंग्लिश येत नाही. तेव्हा माझ्या नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "सर, माझी बायको कुणाचंही अक्षर वाचते."

चार दिवसांनी कंपनीचा ड्रायव्हर एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि तीन खोकी घेऊन आमचे तीन जिने चढून आला. कॉम्प्युटर इस्त्रीच्या टेबलावर बसवला. शेजारच्या दोन बायका तो बघून गेल्या. त्यातल्या एकीने हळदीकुंकवाला बसल्यासारखा पदर सावरला. पैशाची बोलणी माझ्या नवऱ्याने होऊच दिली नाहीत. "साहेबांकडून पैसे घेतात का?" म्हणाला. मी म्हटलं, "शिक्काही तेच सांगतोय."

याच सुमाराला सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या.

त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. पाच मुलं वाढवलेली, शाळेतल्या कारकुनाच्या पगारात घर चालवलेलं, मिरजेच्या बाहेर फारसं न गेलेली बाई. मॉल, समुद्र, सोन्याचा बाजार हे सगळं त्यांनी पहिल्या आठवड्यात पाहून संपवलं. चार दिरहमचा फ्लॉवर म्हणजे चाळीस रुपये झाले हे कळल्यावर त्यांनी फ्लॉवर खाणं बंद केलं. मग त्या हॉलमध्ये चटईवर मेथी निवडत बसायच्या आणि मी टाइप करत बसायची. विंडो एसी ट्रक चढणीला लागल्यासारखा घुमत असायचा.

अशा तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "सारखं काय टकटकतेस? कुणाचं आहे?"

"यांच्या साहेबांच्या खापरपणजोबांचं चरित्र."

"म्हणजे मूळपुरुष. वाच की मग."

मी इंग्लिशमधून पाहत पाहत मराठीत सांगायला लागले. इथून पुढे तो अमेरिकन गृहस्थ आमच्या घरात 'मूळपुरुष' या एकाच नावाने ओळखला गेला. रोज सकाळी अकराच्या सुमाराला सासूबाई मेथीची जुडी सोडायच्या आणि म्हणायच्या, "हं. आज काय केलं त्यानं?"

मूळपुरुष बैलगाडीतून आला. बरोबर काय काय होतं त्याची यादी म्हाताऱ्याने मोठ्या प्रेमाने दिली होती: बायको, दोन मुलगे, एक मुलगी, नांगर, भिंतीवरचं घड्याळ, बियाण्याची पोती, गाय आणि कामाला ठेवलेली एक पोरगी.

"गाईचं नाव दिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

मी पाहिलं. दिलं होतं.

"आणि पोरीचं?"

नव्हतं दिलं. सासूबाईंनी मेथीची एक पिवळी पडलेली काडी बाजूला टाकली.

मूळपुरुषाने नदीवर बांध घालून पिठाची चक्की काढली. पहिल्या पुरात बांध वाहून गेला. त्याने तिथेच पुन्हा बांधला. तोही गेला. तिसऱ्यांदाही तिथेच. "जागा बदलली नाही?" "नाही." "मग आपल्यातलाच आहे," सासूबाई म्हणाल्या. त्याने चर्चसाठी फुकट जमीन दिली, अट एवढीच की पहिला बाक कायमचा त्याचा. पुढे पाद्र्याचं प्रवचन लांबतं म्हणून दोघांचं बिनसलं, तेव्हा त्याने रस्त्याच्या पलीकडे दुसरं चर्च काढलं. गावात घरं नऊ आणि चर्चेस दोन. म्हाताऱ्याने या भागाला 'धर्मश्रद्धा' असा मथळा दिला होता. सासूबाईंना मथळ्याची गरज वाटली नाही. "गणपती मंडळं फुटतात तसं झालं," त्या म्हणाल्या, आणि मिरजेतल्या एका गल्लीतल्या तीन मंडळांची हकीकत मला ऐकवली, जी मूळपुरुषापेक्षा रंगतदार होती.

एका प्रकरणावर मात्र त्या अडल्या. सुरुवातीलाच वाक्य होतं, की मूळपुरुष आला तेव्हा ती जमीन संपूर्ण रिकामी होती. आणि पुढे पाचव्या पानावर होतं, की पहिल्या हिवाळ्यात इंडियन लोकांनी मका आणून दिला म्हणून कुटुंब वाचलं.

"इंडियन म्हणजे आपले?"

"आपले नाही. तिथले मूळचे."

"रिकाम्या जागेत मूळचे कुठून आले? आणि मका कुणी पेरला?"

पुढच्या शुक्रवारी एका ओळखीच्या मराठी घरी जेवायला गेलो, तिथले यजमान फार वर्षांपूर्वी दुबईत आलेले, मोठे ठेकेदार. जेवणं झाल्यावर ते नेहमीचं बोलले, "आम्ही आलो ना वहिनी, तेव्हा इथं काही नव्हतं. नुसती वाळू." सासूबाईंनी विडा लावता लावता शांतपणे विचारलं, "मग तुम्हाला भाड्यानं खोली कुणी दिली?" यजमानांनी सांगितलं, की एका अरबाने दिली, इथल्याच खोर फक्कानकडचा, देवमाणूस, त्याच्या आजोबांपासूनचं घर होतं. मग त्यांच्या लक्षात आलं. ते हसले आणि त्यांनी बडीशेप पुढे केली.

सहा आठवडे असेच गेले. ड्रायव्हर शनिवारी म्हाताऱ्याने हाताने लिहिलेली पिवळी पानं आणून द्यायचा आणि बुधवारी छापलेली न्यायचा. म्हातारा छापलेल्या पानांवर पेन्सिलीने दुरुस्त्या करायचा. माझ्या पानांवर एकही प्रश्नचिन्ह आलं नाही, याचा नवऱ्याला मत्सर वाटू लागला होता.

मग दुसऱ्या खोक्यातली पत्रं आली. मूळपुरुषाची बायको आपल्या धाकट्या बहिणीला लिहायची, ती बहिणीच्या घरी जपून ठेवलेली होती, त्यांच्या झेरॉक्स प्रती. बाई तिसऱ्या बाळंतपणानंतर बरीच आजारी होती. म्हाताऱ्याने तिच्याबद्दल फार गहिवरून लिहिलं होतं, कारण एवढ्या आजारातही तिने चौथं मूल जन्माला घातलं, आणि हे चौथं मूल म्हणजे म्हाताऱ्याचा पणजोबा. एप्रिलच्या शेवटी जन्मला. मूळपुरुषाने घरच्या बायबलमध्ये स्वतःच्या हाताने नोंद केली होती.

त्या दिवशी मी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं एक पत्र टाइप करत होते. सासूबाई मटार सोलत होत्या. मी सहज सांगत गेले. बाई लिहिते, शेजारच्या गावी लग्नाला गेलो. बर्फावरून घसरगाडीने गेलो, नदी गोठली होती, सूर्य असा चमकत होता की डोळे दिपले. मी माझाच लग्नातला झगा घातला. तापानंतर मी इतकी वाळलेय, की दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घ्यावा लागला. कामाची पोरगी मात्र या हिवाळ्यात जड आणि संथ झालीय, जिना चढायला तिचा उपयोग नाही. तिला नदीच्या वरच्या अंगाला एका विधवेकडे ठेवलंय, बर्फ वितळेपर्यंत.

"परत वाच," सासूबाई म्हणाल्या.

मी परत सांगितलं.

"सूर्याचं राहू दे. झग्याचं वाच."

वाचलं. सासूबाईंनी मटाराची शेंग खाली ठेवली आणि बोटांवर मोजलं. फेब्रुवारीचा शेवट, मार्च, एप्रिल. मग माझ्याकडे पाहिलं. आपली सून दिसते तेवढी हुशार नाही, हे कळल्यावर बघतात तसं.

"सातव्या महिन्यात लग्नातला झगा घातला, आणि वर आत घेतला?"

मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगाने मी हे पत्र टाइप केलं होतं. म्हाताऱ्याने ते आयुष्यभर वाचलं होतं. आणि इंग्लिशचं अक्षर न येणाऱ्या बाईने दोनदा ऐकून सांगितलं, की ते मूल त्या बाईचं नाही.

"जड आणि संथ झाली म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "होणारच. पाच वेळा झालेय मी."

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"हे त्यांना सांगायचं नाही."

"का?"

"तो माझा बॉस आहे. तुम्ही दोघी मिळून त्याच्या पणजोबाला..." त्याला शब्द सुचेना. "माझं व्हिसा रिन्युअल आहे पुढच्या महिन्यात."

"अरे, पण पुस्तक छापणार तो," सासूबाई म्हणाल्या. "सगळी भावकी वाचणार. त्यातल्या एखाद्या बाईनं मोजलं तर? चारचौघांत तोंडावर पडेल बिचारा. त्यापेक्षा आत्ता सांगितलेलं बरं."

"आई, इतकी वर्षं कुणी मोजलं नाही."

"मोजलं नाही कशावरून? बोललं नसेल कुणी."

मी तीन दिवस विचार केला. खरं सांगायचं तर मला त्या म्हाताऱ्यापेक्षा त्या पोरीची रुखरुख लागली होती. दीडशे पानं मी टाइप केली होती आणि त्यात ती गाईनंतर एकदा आली होती, जिन्याच्या संदर्भात एकदा, आणि पुढच्या एका पत्रात अर्ध्या ओळीत: पोरगी आपल्या माणसांकडे परत गेली. ती माणसं कोण, कुठली, काही नाही. शेवटी त्या पत्राच्या पानाला मी एक चिठ्ठी टाचली. झग्याच्या वाक्याखाली पेन्सिलीने हलकी रेघ मारली आणि चिठ्ठीवर नम्रपणे लिहिलं, की कृपया हे वाक्य आणि जन्मनोंद शेजारी ठेवून पाहावीत. आणि खाली, काय बुद्धी झाली कोण जाणे, एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं.

बुधवारी पानं गेली. शनिवारी ड्रायव्हर आला नाही. रविवारीही नाही. नवरा ऑफिसातून येऊन सांगायचा, "आज ते केबिनमधून बाहेरच आले नाहीत." दुसऱ्या दिवशी, "आज त्यांनी माझं ड्रॉइंग एकही खूण न करता परत पाठवलं." हे त्याला सगळ्यात भयंकर वाटलं. त्याने रात्री कपाट उघडून बॅगा मोजल्या. सासूबाई मात्र निवांत होत्या. "पचायला वेळ लागतो," म्हणाल्या. "मूळपुरुष आहे, मटार नव्हे."

आठव्या दिवशी फोन आला. म्हातारा म्हणाला, तुमच्या चिठ्ठीबद्दल बोलायचंय. मी सांगितलं, की चिठ्ठी माझी असली तरी शोध माझ्या सासूबाईंचा आहे. तो म्हणाला, "मग मला त्यांना भेटायला आवडेल."

शुक्रवारी दुपारी तो आला. उंच माणूस, आमच्या दारात वाकून शिरला, चपलांच्या ढिगाकडे पाहून त्याने बूट काढले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते पाहून माझी भीती पार गेली. सासूबाईंनी थालीपीठ, लोणी आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती. शेंग कशी खायची हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याने एक अख्खी चावून, चघळून, मोठ्या निर्धाराने गिळली आणि दुसरीकडे पाहू लागला. तेव्हा सासूबाईंनी त्याच्यासमोर एक शेंग दातांतून ओढून दाखवली आणि चोथा ताटाच्या कडेला ठेवला. म्हाताऱ्याने मान डोलावली. माझा नवरा या सगळ्या वेळात सोफ्याच्या अगदी कडेवर बसला होता, पळून जायला सोपं पडावं असा.

जेवण झाल्यावर म्हाताऱ्याने खिशातून पत्राची प्रत काढली. "हे पत्र मी निदान तीस वेळा वाचलंय," तो म्हणाला. "मला त्यातली घसरगाडी फार आवडायची. गोठलेली नदी आणि तो सूर्य. लहानपणी माझे वडील मोठ्याने वाचून दाखवायचे. आम्ही सगळे तेवढ्यावर थांबायचो."

मी मराठीत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "पुरुष वाचतात तेव्हा गाडीच बघतात."

हे मी जरा मऊ करून सांगितलं. तरी तो हसला.

मग त्याने विचारलं, "त्यांना काय वाटतं? माझी खापरपणजी, म्हणजे जिला मी खापरपणजी समजत होतो, तिला माहीत होतं?"

"त्याला म्हणावं, जिने पोरीला त्या विधवेकडे ठेवली तिला माहीत नसेल?"

"मग तिने मूल आपलं म्हणून का वाढवलं?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "आजारी बाई होती. नवरा असा. उद्या आपण गेलो तर ही पोरगी घरात बसेल, आपली तीन पोरं उघड्यावर पडतील. मूल ठेवून घेतलं म्हणजे घर हातात राहिलं. पोरगी घालवली म्हणजे बोलायला कुणी उरलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण वाढवलं नीट असणार. नाहीतर हा इतका गहिवरून कशाला लिहिता?"

म्हातारा चष्मा पुसत राहिला. त्याने सांगितलं, की त्याचा पणजोबा मरेपर्यंत आईच्या आठवणीने हळवा व्हायचा. ती त्याला लिहायला-वाचायला शिकवायची, अंथरुणात बसून.

"त्याला सांग, तोंड पाडून बसू नको," सासूबाई म्हणाल्या. "कृष्णालाही दोन आया होत्या. त्याचं काही अडलं नाही."

हे समजावून सांगायला मला वीस मिनिटं लागली. तुरुंग, टोपली, पूर, यमुना. पूर म्हटल्यावर म्हाताऱ्याला लगेच गोडी लागली. पाण्याची पातळी किती होती, असं त्याने विचारलं. नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि दोघं काही वेळ यमुनेच्या प्रवाहावर गंभीरपणे बोलले.

त्यानंतर म्हाताऱ्याने ते प्रकरण तीनदा लिहिलं. पहिल्यांदा इतकं सोज्वळ, की मूळपुरुषाने एका अनाथ मुलीला आधार दिला असा समज व्हावा. ते मी टाइप करून पाठवलं, सोबत सासूबाईंचा निरोप: आधार असा देत नाहीत. दुसऱ्यांदा लिहिलं ते इतक्या रागाने, की कागद पेन्सिलीने फाटला होता. त्यात मूळपुरुष राक्षस होता. सासूबाईंना तेही पटलं नाही. "चक्की त्यानंच काढली ना? चर्च दोन-दोन त्यानंच बांधली ना? मग ते पण राहू दे. जे झालं ते लिही म्हणावं, शिव्या वाचणारे देतील." तिसऱ्यांदा त्याने जे झालं तेवढंच लिहिलं. दीड पान झालं. पहिल्या प्रकरणातलं रिकाम्या जमिनीचं वाक्यही काढून टाकलं; ते मात्र त्याने आपणहून केलं, आम्ही काही म्हटलं नव्हतं.

मधल्या काळात त्याने अमेरिकेतल्या थोरल्या बहिणीला फॅक्स पाठवला होता. हे खरं असेल का, घरात कुणी कधी काही बोललं होतं का? बहिणीचं उत्तर आलं ते त्याने मला दाखवलं. चारच ओळी होत्या. आईने मला माझ्या लग्नाच्या दिवशी सांगितलं. तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. तुला सांगू नकोस म्हणाली, कारण तू मुलगा आहेस आणि पुस्तकात घालशील. पोरगी कुठेही गेली नाही, चक्कीच्या मागे पुरली आहे, बाळंतपणानंतर नवव्या दिवशी.

ते वाचून मी सासूबाईंना सांगितलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत राहिल्या. भांडी घासलेलीच होती.

त्यांचा व्हिसा संपला. विमानतळावर सोडायला म्हातारा आला नाही, पण त्याने कंपनीची गाडी पाठवली आणि एक खोकं. त्यात भिंतीवरचं घड्याळ होतं, साधंच, इथल्याच बाजारातलं. मिरजेला नेताना कस्टमवाल्याने ते तीनदा उघडून पाहिलं.

पुस्तक वेळेत छापून झालं. म्हातारा वर्धापनदिनाला गेला, आणि आल्यावर ऑफिसात कुणाशी बोलायच्या आधी आमच्याकडे आला. सांगत होता, की भावकी जमली त्या मांडवात त्याने ते दीड पान उभं राहून वाचलं. पहिल्या मुलाच्या शाखेतले बरेच जण जेवण अर्धवट टाकून गेले. एका चुलतबहिणीने त्याच्या ताटातला केक उचलून परत नेला. पण उरलेल्यांतल्या म्हाताऱ्या बायका एकेक करून त्याच्याजवळ आल्या आणि कानाशी सांगून गेल्या, की आम्हाला माहीत होतं. सतरा बायकांना माहीत होतं. त्याने मोजलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या काही जणी आणि तो चक्कीच्या मागे गेले. चक्कीच्या जागी आता गाड्या धुण्याचं दुकान आहे. मालकाने मागची थोडी जागा दिली आणि तिथे एक दगड बसवला. बहिणीला त्या पोरीचं नाव ठाऊक होतं. आईकडून मिळालेलं, पाठ केलेलं. ते दगडावर आहे.

पुस्तकाच्या शेवटी आभार होते. त्यात एका ओळीत दुबईतल्या एका बाईंचे आभार मानले होते, ज्यांना इंग्लिश येत नाही पण महिने मोजता येतात. मी ते पान झेरॉक्स करून मिरजेला पाठवलं. सासूबाईंनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि पत्रात लिहिलं, "छापलंय ते बरं. पण फ्लॉवर एवढा महाग का, ते त्याला विचार. पाइपवाला आहे, पाण्याचं त्याला कळत असेल."

पुढची दोन वर्षं म्हातारा दुबईत होता. नवऱ्याच्या ड्रॉइंगांवर प्रश्नचिन्हं पुन्हा येऊ लागली, त्यामुळे घरात शांतता आली. जाताना तो कॉम्प्युटर माझ्याकडेच ठेवून गेला. मी नंतर व्हिसा बदलून शारजातल्या रोल्ला भागातल्या एका ट्रान्सलेशन सेंटरमध्ये रीतसर नोकरी धरली, आणि दुबईचं भाडं परवडेना म्हणून आम्ही शारजाला राहायला गेलो.

त्याच सुमाराला आमच्या सासरच्या घराण्याचा इतिहास छापायचं पुण्यातल्या एका लांबच्या चुलतदिरांनी मनावर घेतलं. सगळीकडे छापील फॉर्म पाठवले. मूळपुरुष, त्याचे पुत्र, त्यांचे पुत्र. कन्यांसाठी एक चौकोन, त्यात फक्त संख्या लिहायची. सासूबाईंनी फॉर्म बाजूला ठेवला आणि फुलस्केप कागदावर अकरा पानी पत्र लिहिलं. त्यात त्यांनी पाहिलेल्या, ऐकलेल्या सगळ्या बायका होत्या: माहेरची नावं, किती मुलं जगली, कोण कशाने गेली, कुणाला माहेरी का पाठवलं आणि परत का आणलं नाही. एका आजेसासऱ्यांबद्दल दोन ओळी होत्या, त्या मी इथे लिहिणार नाही, कारण माझा नवरा हे वाचेल.

चुलतदिरांचं उत्तर आलं: माहिती उद्बोधक आहे, परंतु जागेअभावी घेता येत नाही. ग्रंथ निघाला, जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. त्यात सासूबाईंच्या नावापुढे कंसात होतं, माहेरची माहिती अनुपलब्ध.

सासूबाई संतापल्या नाहीत. त्या सुट्टीत मी मिरजेला गेले होते, तेव्हा त्या ग्रंथ मांडीवर घेऊन बसल्या होत्या, हातात माझ्या मुलीचं बॉलपेन. पान पान उलटत समासात लिहीत होत्या, बायकांची नावं. माझी मुलगी शेजारी बसून बघत होती. तिने विचारलं, "आजी, आर यू अलाउड टू राइट इन दॅट?"

"काय म्हणते?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पेन झटकलं, कारण शाई अडत होती, आणि तिला म्हणाल्या, "दुसरं आहे का तुझ्याकडे? हे नीट चालत नाही."

तिच्याकडे होतं. हिरवं, वास येणारं, वर पिसं लावलेलं. ग्रंथाचा बाकीचा सगळा समास त्याच पेनाने भरला.